सनामा मागे वळली नाही

आमच्या धंद्याचा नियम एकच. कानावर पडेल तेवढंच लिहायचं. डोळ्यांना दिसेल ते लिहायचं नाही, मनात येईल ते तर नाहीच नाही. बिशपबाबा खुर्चीत बसून उपदेश करतात, लोक उभ्यानं ऐकतात, आणि मी नि गिद्दिन खांबाच्या बुडाशी मांडीवर मेणाच्या पाट्या घेऊन बसतो. बाबांच्या तोंडून सुटलेला शब्द विरून जायच्या आत खुणांच्या लिपीत पकडतो. दुपारी दोघांच्या पाट्या शेजारी ठेवून ताडून पाहायच्या, एकाचं सुटलेलं दुसऱ्याचं धरायचं, मग सावकाश चर्मपत्रावर उतरवायचं. शेवटी लेखणीच्या चपट्या टोकानं मेण घासून पाटी कोरी करायची. उद्याला पुन्हा नवी.

"मेणाला आठवण नसते," असं माझे आजोबा म्हणत. काशाची ही लेखणी त्यांचीच. तेही हेच काम करत, पण देवळात नव्हे, सुभेदाराच्या न्यायासनापुढं.

काही वर्षांपूर्वी सनामाच्या सणाला माझ्या पाटीवर एक ओळ आली. बाबांनी ती उच्चारली नव्हती.

सनामा आमच्या थाबुरा गावची. दिवे घडवणाऱ्या कुंभारांच्या आळीतली. ऐंशी वर्षांपूर्वी सम्राटाचा हुकूम सुटला, की ख्रिस्ताची पुस्तकं आणून द्या आणि आमच्या देवांपुढं धूप टाका. गावातल्या शहाण्यासुरत्या लोकांनी चिमूटभर धूप टाकला नि घरी जाऊन हात धुतले. सनामाच्या अंगावर चार महिन्यांची पोर पीत होती. तिनं धूप टाकला नाही. ऑगस्टच्या उन्हात गावाबाहेरच्या माळावर तलवारीनं तिची मान उडवली. तिथंच तिचं थडगं आहे, थडग्यावर देऊळ आहे, आणि दरसाल त्या दिवशी सगळं गाव माळ चढून जातं.

सणाचा क्रम ठरलेला. आधी वाचक तिची हकिकत वाचतो. ती अगदी छोटी आहे, सुभेदाराच्या दप्तरातून उतरवलेली. सुभेदारानं काय विचारलं, सनामानं काय उत्तर दिलं, शिक्षा काय झाली. शेवटची ओळ अशी: 'मग तिला बाहेर नेलं. त्यानंतर ती काही बोलली नाही.' एवढं झालं की बिशपबाबांचा उपदेश.

आमचे क्रेस्कोनियसबाबा बोलायला लागले की दगडाला घाम फुटावा. त्या शेवटच्या ओळीवर ते आले की आवाज खाली आणत. "पोर आजीच्या काखेत रडत होती," ते म्हणत, "आईच्या छातीत दूध दाटून आलं होतं. साऱ्या माळावर त्या रडण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. आणि सनामा मागे वळली नाही!" मग लोक छाती पिटत, बायका हंबरत, कुणी टाळ्या वाजवी. दर वर्षी तेच वाक्य आणि दर वर्षी तोच गलका.

त्या गलक्यात एकच माणूस गप्प बसलेलं असे. पुढच्या रांगेत, तीन पायांच्या तिवईवर, मोन्नाआजी. एरवी देवळात बसायची मुभा फक्त बाबांना. पण मोन्नाआजी ऐंशीची, शिवाय काखेतली ती पोर तीच. ती नेहमी आडवी बसे, उजवा कान बाबांकडं करून. डावा कान तिचा तान्हेपणीच गेलेला. उपदेश संपला की लोक रांग लावून तिच्या हाताचा मुका घेत. रक्तसाक्षीची लेक, श्रद्धेपायी जीव दिलेल्या बाईची! ती हात पुढं करून बसून राही, दाराशी ठेवलेला दगडी रांजण असावा तशी.

तर, ती ओळ.

गिद्दिनच्या पाटीवर सरळ वाक्य होतं: 'सनामा मागे वळली नाही.' माझ्या पाटीवर त्याच जागी दोन बोटं लांब खुणांची रांग. ना शेंडा ना बुडखा. बाबा बोलतात ती लॅटिन म्हणून वाचावं तर एकही शब्द जुळेना.

"काय रे याडेर," गिद्दिन म्हणाला, "माशी मेणात पडली नि फिरून गेली काय?"

"माझ्याच हातचं आहे."

"मग सकाळी थडग्यावर वाइन ओतताना थोडी घशातही ओतलेली दिसते."

मीही हसलो. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली. त्या खुणांचे आकडे, म्हणजे टोकांचे बाक, खाली वळलेले होते. आता कुणी तसे काढत नाही. माझ्या लहानपणी फक्त आजोबा काढत. मी लेखणी उलटी केली नि ओळ घासून टाकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच ओळ, त्याच जागी. तीही घासली. गिद्दिनला सांगितलंदेखील नाही. माणूस ज्या गोष्टीला भितो, तिला आधी किरकोळ म्हणून बघतो.

तिसऱ्या वर्षी सणाला तीन दिवस असताना मोन्नाआजीचा निरोप आला, की लेखणीवाल्याला पाठव.

मी गेलो तेव्हा अंगणात जाती घुमत होती. सणाला थडग्यावर गव्हाच्या भरड्याची पेज न्यायची असते, ती आळीतल्या बायका आजीच्या अंगणात दळतात. शेजारची स्पेस खुंटा ओढत गात होती, आणि बाकीच्या सूर धरत होत्या:

दाणा जात्यात गेला गं, माघारी येईना
सनामा माळावर चालली, वळून पाहीना

"पुरे गं," आजी म्हणाली. "जातं थांबव, मला ह्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. आणि तू असा उजवीकडं ये रे. डावीकडं कुत्रं भुंकलं तरी मला कळत नाही."

"म्हणून तर तुझी सून डावीकडून बोलते, आजी," स्पेस म्हणाली, आणि बायका पीठ सांडेपर्यंत हसल्या. हसत हसतच पीठ भरून आत गेल्या. अंगणात आम्ही दोघंच उरलो. अंजिराच्या झाडाखाली दुपार तापलेली.

"तुझ्या आजोबांनी लिहिलं ना रे ते?" आजीनं एकदम विचारलं. "माझ्या आईचं?"

"हो. त्या दिवशी न्यायासनापाशी तेच होते."

"तुम्ही लोक एकेक शब्द पकडता म्हणे. श्वाससुद्धा सोडत नाही."

"श्वास सोडतो, आजी. शब्द नाही सोडत."

"मग मला एवढंच सांग, ती वळली का?"

आजी जात्याच्या पाळीवरचं पीठ बोटानं गोळा करत राहिली.

"ऐंशी वर्षं मी ते वाक्य ऐकतेय, पोरा. आधी ते आधीचे बाबा म्हणायचे, मग त्यांच्या मागचे, आता हे. लोक रडतात, माझा हात चुंबतात. आजवर एकानं विचारलं नाही, की म्हातारे, तुला कसं वाटतं. मला रक्तसाक्षी नको होती रे, मला आई हवी होती. पण ते जाऊ दे. आता माझे दिवस भरत आले. उद्या तिकडं गेल्यावर ती दिसेल, पुढं चाललेली, तरणीताठी, माझ्या नातीएवढी. मी हाक मारायची की नाही?" तिनं पीठ फुंकून टाकलं. "आणि मी हाक मारली, नि ती तेव्हाही वळली नाही तर?"

मी घरी आलो आणि आजोबांची पेटी उघडली. तळाशी फडक्यात बांधलेल्या त्या दिवसाच्या पाट्या होत्या. त्यांनी दप्तरातली नोकरी त्याच साली सोडली. पाट्या मात्र का ठेवल्या ते कधी सांगितलं नाही. मेण काळं पडून चिरफळलं होतं. सवाल, जबाब, शिक्षा, सगळं खाली वळलेल्या आकड्यांत. 'मग तिला बाहेर नेलं.' आणि त्याच्या खाली, 'त्यानंतर ती काही बोलली नाही.'

या दोन ओळींमध्ये मेण गुळगुळीत होतं. दोन बोटं लांबीचा पट्टा. घासलेला.

मी त्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. न्यायासनापुढचा नियम मला ठाऊक आहे. तिथं लॅटिन तेवढं लिहितात. आमच्या घरची बोली कुणी बोललं तर दुभाषा ती लॅटिनमध्ये सांगतो, मग ती दप्तरात चढते. पण शिक्षा सुनावली की दुभाष्याचं काम संपतं, तो आपला जेवायला जातो. त्यानंतर कुणी घरच्या बोलीत काही ओरडलं तर दप्तराच्या लेखी ते बोलणंच नव्हे. तरण्या लेखनिकाचा हात सवयीनं ते पकडून जातो. मग नियम आठवतो. मग लेखणीचं चपटं टोक. आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहायचं, की ती काही बोलली नाही.

मला आजोबा आठवले. सनामाच्या सणाला सारं गाव माळावर जाई तेव्हा ते दार लावून घरात बसत. पाण्याच्या बादलीत उजवा हात कोपरापर्यंत बुडवून. माझ्या आजीनं विचारलं तर म्हणत, "हात पोळतो." मरताना शुद्ध नव्हती, तरी बोटं गोधडीवर चालत होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. आणि मधूनच तळवा उलटा करून घासल्यासारखं करत.

दुसऱ्या दिवशी मी बाबांकडं गेलो. ते उपदेशाची जुळवाजुळव करत येरझाऱ्या घालत होते. ते लिहून आणत नाहीत, नुसते चालतात. मी पाटी दाखवली, सगळं सांगितलं. माझ्या दोन वर्षांच्या ओळीसुद्धा.

"काय होतं त्या ओळीत?" त्यांनी विचारलं.

"वाचता आलं नाही, बाबा. मी पुसली."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"वा! आजोबा पुसून गेले, नातवानं पुसलं. आता मी कशाच्या आधारावर बोलू? पुसलेल्याच्या?"

"निदान यंदा ते वाक्य गाळा. हकिकतीत ती वळली नाही असं कुठंच नाही. बोलली नाही, एवढंच आहे."

बाबा थांबले. माणूस वाईट नाही. आदल्या हिवाळ्यात तापाची साथ आली तेव्हा त्यांनी स्वतः खांद्यावरून पोरांच्या लहान शवपेट्या वाहिल्या. "याडेर," ते हलकेच म्हणाले, "गेल्या साली या गावातल्या एकोणीस आयांनी पोरं पुरली. त्यातल्या कितीतरी त्या एका वाक्याला धरून उभ्या आहेत. सनामाला जमलं तर मलाही जमेल, असं म्हणून सकाळी चूल पेटवतात. ते वाक्य मी काढून घेऊ? मी तिच्या तोंडी काही घालत नाही. मी तिचं मौन समजावून सांगतो."

"मौन तिचं नव्हतं, बाबा. लिहिणाऱ्याचं होतं."

त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी माघार घेतली नाही. "तू तुझं काम कर," ते म्हणाले. "कानावर पडेल तेवढं लिही."

सणाचा दिवस उजाडला तोच तापलेला. माळावरच्या जैतुनांत रातकिडे भर दिवसा किरकिरत होते, करवत चालावी तसे. बायकांनी पेजेची मडकी उतरवली, थडग्याच्या शिळेला भोक आहे त्यातून जो तो घोट घोट वाइन ओतत होता. बाबांना ते आवडत नाही. "मेलेल्यांना तहान नसते," ते दर वर्षी म्हणतात, आणि दर वर्षी लोक मान डोलावून ओततात. दिव्यांच्या आळीनं ऐंशी दिवे लावले होते, वर्षाला एक. भर दुपारच्या उजेडात त्या ज्योती दिसत नव्हत्या, नुसती त्यांच्यावरची हवा थरथरत होती.

मोन्नाआजीला दोन नातवांनी तिवईसकट उचलून आणलं. ती नेहमीसारखी आडवी बसली, उजवा कान बाबांकडं. डावा कान आपोआप थडग्याकडं आला.

"आज हात नीट चालू दे," गिद्दिन कानाशी कुजबुजला. "माशांचं लिखाण मला उतरवता येत नाही."

वाचकानं हकिकत वाचली. बाबा बोलू लागले. मी लिहू लागलो. लिहिताना मी माणूस नसतो; कान आणि बोटं, मधे कुणी नाही. कुंभाराचं घर झालं, न्यायासन झालं, धुपाची चिमूट झाली. बाबांचा आवाज खाली उतरला.

"पोर आजीच्या काखेत रडत होती," ते म्हणाले. "आईच्या छातीत दूध दाटून आलं होतं. साऱ्या माळावर त्या रडण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. आणि सनामा..."

रातकिडे थांबले.

सगळे एकदम, जणू कुणी माळावर हात ठेवला. बाबांचं तोंड उघडं होतं. ओठ हलत होते, गळ्याची शीर हलत होती, पण आवाज नव्हता. लोकांना वाटलं, बाबा मुद्दाम थांबलेत. छातीवर पडायला उचललेले हात तसेच वर राहिले. ऐंशी दिव्यांवरची हवा एका बाजूला कलली, थडग्याकडं.

आणि त्या शांततेत खरखर ऐकू आली. मेणावर लेखणी चालल्याची.

मी खाली पाहिलं. माझा हात लिहीत होता. कुणी बोलत नव्हतं, आणि माझा हात भराभर लिहीत होता. खांबाच्या त्या अंगाला गिद्दिनचाही. तो हाताकडं असा बघत होता, जणू हा हात त्याच्या ओळखीचा नाही. माझं मनगट गार पडलं होतं. बाहीतून काहीतरी टपटपलं. फरशीवर पाणी. कोपरापासून बोटांपर्यंत माझा हात ओला होता, थेट बादलीतून काढल्यासारखा.

तेव्हा मोन्नाआजी हलली. आधी मान, मग खांदे, मग तिवईचे पाय फरशीवर करकरले. उजवा कान बाबांकडून काढून तिनं डावा कान, तो मेलेला कान, शिळेच्या भोकापाशी वाकवला. तिच्याकडं बघणाऱ्या बायका दोन पावलं मागं सरकल्या. आजीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दारावर थाप पडलीय का, असं ऐकताना माणूस असतो, तशी ती होती.

मग रातकिडे सुरू झाले. बाबांनी मोठा श्वास घेतला, घाम पुसला. लोक वाट बघत होते. ते वाक्य जिभेच्या टोकावर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या रांगेतून कुणी ते सुचवलंही. बाबांनी त्याकडं लक्ष दिलं नाही. "प्रार्थना करू या," ते म्हणाले, आणि उपदेश तिथंच संपला.

देवळामागच्या खोलीत मी नि गिद्दिननं पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही पाट्यांवर तीच ओळ. दोन्हींवर खाली वळलेले आकडे.

"लॅटिन नाही हे," तो म्हणाला. "पुस, याडेर. देवाच्यान् पुस!"

मी पुसलं नाही. लॅटिन नाही, मग काय, हे तीन वर्षांत मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. शाळेत शिकलेलं बाजूला ठेवलं नि एकेक खूण नुसत्या आवाजासारखी, हळू, ओठांनी लावत गेलो. तिसऱ्या आवाजाला ओळख पटली. ती आमची बोली होती. चुलीपुढची, मोरीतली, पोर पायावर घेऊन बोलायची बोली.

'आई, तिला डाव्या कुशीवर निजवू नकोस. कान फुटलाय तिचा. कोमट तेल घाल, दोनच थेंब. आई, ऐकलंस का? आई, ऐकलंस का? आई, ऐकलंस का?'

मी पाटी उराशी धरून बाहेर पळालो.

मोन्नाआजी अजून थडग्यापाशीच होती. बाबा तिच्याजवळ उभे होते, आणि हाताचा मुका घ्यायला आज कुणी पुढं येत नव्हतं. मी पाटी पुढं केली. तिनं हातानं थांबवलं.

"वाचू नकोस," ती म्हणाली. "दोनच थेंब म्हणाली ना?"

मी मान डोलावली.

"आणि तीनदा विचारलं, ऐकलंस का म्हणून." आजी हसली, आणि तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाट काढत खाली आलं. "पाठ फिरवून कुणी असं विचारतं का रे? तोंड वळवल्याशिवाय? शिपाई ओढत असणार, नि ही बया वळून वळून कान सांगतेय! माझ्या आजीला ऐकू आलं नसणार. तिनं मला डाव्या कुशीवरच निजवलं, दुसरं काय. कसं ऐकू येईल? मी केवढ्यानं रडत होते."

बाबांनी माझ्या हातातली पाटी घेतली. त्यांना आमच्या खुणा थोड्याफार वाचता येतात. ते ओठ हलवत वाचत राहिले. मग माझ्याकडून लेखणी मागितली. ते ती उलटी धरताहेत असं मला वाटलं आणि मी हात पुढं केला. पण त्यांनी ती नुसती हातात तोलली, किती जड आहे ते बघावं तशी, आणि परत दिली.

"प्रतीत काय लिहू, बाबा?" मी विचारलं.

"तुझ्या कानावर काय पडलं?"

"काहीच नाही."

"मग तेवढी जागा मोकळी सोड." ते खाली वाकले. शिळेवरच्या एका दिव्यातलं तेल त्यांनी बोटावर घेतलं, आपल्या ओठाला लावून कोमट आहे की कढत ते पाहिलं, आणि गुडघे टेकून मोन्नाआजीच्या डाव्या कानात सोडलं. "दोनच," म्हणाले. त्यांचा तो मोठा, माळभर जाणारा आवाज शेजाऱ्यालाही ऐकू गेला नसेल.

मोन्नाआजी त्या हिवाळ्यात गेली. कान बरा झाला नाही. डावीकडून कुत्रं भुंकलेलं तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणं तिला उजव्या कुशीवर ठेवून पुरलं, आईच्या पायाशी.

आता सणाला आया तान्ह्यांना माळावर घेऊन येतात. ज्यांनी पोरं पुरली त्याही येतात, आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या कानात तेल सोडतात. बाबांना वाटलं होतं की त्यांचा आधार तुटेल. तसं झालेलं दिसत नाही. स्पेसनं जात्यावरची ओवी बदलली, तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं:

दाणा जात्यात गेला गं, पीठ होऊन वळलं
सनामा माळावर चालली, पाऊल तिचं अडलं

बाबा अजून त्याच सुरात बोलतात. 'आणि सनामा...' इथवर येतात नि गप्प होतात. आता ते मुद्दाम थांबतात. लोकही छाती पिटत नाहीत, ऐकत उभे राहतात. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी, मोन्नाआजीची तिवई रिकामी होती तेव्हा, त्या जागेवर येताच मी लेखणी पाटीवरून उचलली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. रातकिडे थांबले नाहीत. दिवे कलले नाहीत. बाही कोरडी होती. गिद्दिननं सुस्कारा टाकला.

दुपारी पाट्या ताडायला घेतल्या. मी मोकळ्या सोडलेल्या जागेत, कोऱ्या मेणावर, एकच शब्द होता. आकडे खाली वळलेले नव्हते. ते आजोबांचं वळण नव्हतं, माझंही नव्हतं. कधी लिहायला न शिकलेल्या माणसानं जात्याच्या पाळीवरच्या पिठात जपून बोटानं काढावा तसा वेडावाकडा, घरच्या बोलीतला शब्द.

'ऐकलं.'